तीर्थक्षेत्राचा आराखडा गाभाऱ्यापासून नको, वाटेपासून हवा

मराठवाड्यातल्या एखाद्या देवस्थानाला विकासनिधी मंजूर झाला की पुढची कामं जवळजवळ पाठ असतात. वेशीवर सिमेंटची कमान, प्रांगणात पेव्हर ब्लॉक नाहीतर ग्रॅनाइट, दर्शनरांगेला स्टीलचे कठडे, गाभाऱ्याच्या भिंतींना फरशी आणि शिखराला ऑइल पेंट. बारवेतला, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीतला गाळ, ओवऱ्यांची (देवळाभोवतीच्या पडव्यांची) गळती, पावसाच्या पाण्याचा निचरा, जुन्या चुन्याची डागडुजी या बाबी यादीत सगळ्यात खाली असतात. निधी तिथवर पोचत नाही. हा क्रम उलटा करायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडची देवळं जशी आहेत तशी घडली ती यात्रेकरूमुळे. त्याच्या पायाखालची वाट, त्याची तहान, त्याचं थांबणं आणि फेरी घालणं यांतून त्यांची रचना ठरली. आता त्याच यात्रेकरूच्या सोयीचं कारण देऊन ती रचना मोडली जात आहे.

कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत खांबांवर ब्राह्मी लिपीतले दानलेख आहेत. त्यातला एक पैठणच्या मितदेवाचा आहे. तो गांधिक कुळातला, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या घरातला. तिथेच सापडलेल्या यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्याचं नाव कोरलं आहे: कन्हदास, व्यवसायाने सोनार. ती मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सुमारे 2000 वर्षांपूर्वी पैठणचा व्यापारी डोंगरातल्या लेण्याला खांब देतो आणि सोन्यात काम करणारा हात दगडात यक्ष काढतो, तेव्हा त्या कलेमागे राजा एकटा नसतो हे कळतं. वाटेने जाणारा-येणारा माणूस त्या कामाचा आश्रयदाता होता. तेरचं त्रिविक्रम मंदिर पाहा. मागची बाजू अर्धगोल, भिंती विटांच्या, घडण सरळसरळ चैत्यगृहाची, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाची, आणि आत विष्णू. पंथ बदलला तरी लोकांचं येणं थांबलं नाही, म्हणून वास्तू टिकली. त्याच तेरमध्ये पुढे गोरोबाकाकांची समाधी झाली आणि दिंड्या येऊ लागल्या.

यात्रा वास्तूला आकार कसा देते हे सगळ्यात स्पष्ट दिसतं तुळजापूरला. बालाघाटाच्या उतारावरचं हे मंदिर रस्त्यापेक्षा खाली आहे. भाविक पायऱ्या उतरतो, वाटेत कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थ लागतं, तिथे हातपाय धुतो, मग निंबाळकर दरवाजातून आतल्या चौकात येतो. समोर होमकुंड, भोवती ओवऱ्या, मध्ये देऊळ. उतरणं, पाणी, थांबणं आणि मग दर्शन असा हा क्रम आहे. त्यात चौकाचं मोकळेपण मोलाचं, कारण इथली मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा देवी सिंहासनावरून उतरून पलंगावर निद्रेला जाते. दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी तिची पालखी देवळाभोवती फिरते. पलंग घोडेगावहून येतो, पालखी बुऱ्हाणनगरहून. मूर्ती उचलून नेणारे, पालखीचे खांदेकरी, पुढे संबळ वाजवणारे गोंधळी आणि पोत (मशाल) पाजळणारे आराधी या सगळ्यांना एकाच वेळी मावून घेणारी जागा म्हणजे तो चौक. तिथे कायमस्वरूपी लोखंडी मंडप टाकला, रांगेचे कठडे रोवले, तर देवळाचा दगड शाबूत राहूनही वास्तू निकामी होते. ती ज्या हालचालीसाठी बांधली, ती हालचालच अडते.

औंढा नागनाथला गाभारा जमिनीखाली आहे. चिंचोळ्या पायऱ्यांनी वाकून खाली उतरावं लागतं आणि एका वेळी मोजकीच माणसं मावतात. खालचं दगडी, मूर्तींनी भरलेलं काम यादवकाळातलं आणि वरचं विटा-चुन्याचं शिखर नंतरचं, अहिल्याबाई होळकरांच्या जीर्णोद्धारातलं मानलं जातं. नंदी देवळाच्या मागच्या बाजूला आहे. त्याचा उलगडा लोकांनी नामदेवांच्या कथेतून केला: कीर्तनाला मागे जावं लागलं म्हणून देऊळच फिरलं. कथेने वास्तूला अर्थ दिला आणि तो अर्थ ऐकत लोक आजही मागच्या बाजूला जातात. ती मागची बाजू भिंत घालून बंद केली तर त्या कथेची जागाच हरवेल.

वेरूळच्या घृष्णेश्वरालाही हीच दोन कामं दिसतात: खाली तांबडा दगड, वर विटा आणि चुना. हा जोड लक्षात ठेवावा, कारण आजचं बहुतेक नुकसान तिथूनच सुरू होतं. नांदेडचा सचखंड हुजूर साहिब गुरुद्वारा महाराजा रणजितसिंहांनी 1832 ते 1837 या काळात बांधवला. दीड हजार किलोमीटरवरून येणाऱ्या भाविकांनी गोदावरीकाठी पंजाबची घडण आणली आणि शहराचा एक भागच तिच्याभोवती वसला. खुलदाबादला 1337 साली निवर्तलेल्या बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याचा चौक, सावलीचे पडवीवजा भाग, उरुसाला जमणाऱ्यांची बसण्याची जागा यांच्या घडणीमागेही यात्रेचीच गरज आहे. धर्म वेगळे, गरज सारखी.

आता वाटेकडे येऊ. यात्रेने मराठवाड्याला दिलेली सगळ्यात मोठी वास्तू देऊळ नाही, बारव आहे. कमी पावसाच्या मुलखात पायी चालणाऱ्याला मुक्कामागणिक पाणी लागतं. त्यातून गावोगाव बारवा झाल्या. शिल्पग्रंथांनी त्यांचे प्रकार उतरण्याच्या वाटांवरून सांगितले आहेत: एक वाट असेल तर नंदा, दोन असतील तर भद्रा, तीन तर जया, चार तर विजया. परभणी जिल्ह्यात वालूरची बारव पाहिली की कळतं, इथला पाथरवट ठरावीक नमुन्यावर थांबला नव्हता. तिच्या पायऱ्या चक्राकार फिरत खाली जातात. पाणी कितीही खाली गेलं तरी घागर घेतलेल्या बाईला पायाखाली पायरी मिळते. भिंतीतल्या कोनाड्यात देव आहे, म्हणजे पाणी घेणाऱ्याला तिथेच हात जोडता येतात.

बारवेची दुरुस्ती हौसेने होते आणि त्या हौसेतच ती ढासळते. याची कारणं ठरलेली आहेत. बारवेच्या भिंती बहुधा चुन्याशिवाय, दगडावर दगड बसवून रचलेल्या असतात. भोवतालच्या मातीतलं पाणी दरजांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, आत झिरपतं, तोच तिचा झरा. आत पाणी असतं तेव्हा ते भिंतीला आतून आधार देतं. दिवाळीनंतर लगेच, भोवतालची काळी माती ओलीच असताना, मोठा पंप लावून एका दिवसात बारव उपसली की बाहेरची फुगलेली माती भिंत आत ढकलते. त्यात काढलेला गाळ जेसीबीने काठावरच रचला तर वरचा भार आणखी वाढतो. म्हणून काम एप्रिल-मे महिन्यात घ्यावं, पाणी रोज थोडंथोडं उतरवावं, दर टप्प्याला भिंत फुगली का ते ओळंब्याने तपासावं आणि गाळ काठापासून लांब नेऊन टाकावा. शेवटचे चार-पाच फूट हातानेच काढावेत, कारण गाळात तुटलेल्या मूर्ती, पन्हाळीचे तुकडे, लेखाचे दगड सापडतात. काही सापडलं की काम थांबवून तहसीलदाराला कळवायचं आणि पंचनामा करून घ्यायचा. निखळलेल्या दगडांवर खडूने क्रमांक घालून फोटो काढल्याशिवाय एकही दगड हलवू नये. आणि दरजांत सिमेंट भरू नये. सिमेंटने झरा बुजतो, पाणी भिंतीमागे साठतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीला पोट सुटतं. तळाला काँक्रीट टाकणं तर बारव मारून टाकणंच आहे.

ज्या वाटांवर या बारवा आहेत त्या आजही चालत्या आहेत. पैठणहून नाथांची पालखी पंढरपूरला जाते, शेगावची पालखी परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाईवरून जाते. रस्ते रुंद आणि काँक्रीटचे झाले, त्यात जुनी झाडं आणि त्यांचे पार गेले. पायी चालणाऱ्याला काँक्रीट नको असतं. ते तापतं आणि गुडघ्यांना दणका बसतो. रस्त्याकडेला दीड-दोन मीटरची मातीची, दाबून घेतलेली पट्टी, दोन्ही बाजूंना वड-लिंब-चिंच आणि दर मुक्कामाला चालू बारव किंवा आड, एवढं तीर्थक्षेत्र आराखड्यात का बसत नाही? तीर्थ गावात सुरू होतं असं आपण धरलं, हे त्याचं कारण. यात्रेकरूसाठी ते घरातून निघाल्यावरच सुरू झालेलं असतं.

देवळाच्या दगड-विटांकडे वळताना चुन्याची गोष्ट सविस्तर सांगावी लागते, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्री यात्रा आठवा. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पालखी आमराईकडे निघते आणि वाटेत चुन्याच्या रानात हजारो हात चुनखडीचे खडे वेचतात. देवळाला चुना लावण्यासाठी हे खडे, असं परंपरा सांगते. यात्रा करायची म्हणजे देवळाच्या डागडुजीला हात लावायचा, हा विचार त्या विधीत आहे. आज खडे वेचले जातात आणि देवळांना मात्र डब्यातला रंग लागतो.

चुन्याचं काम असं चालतं. कळीचा (न विझवलेला) चुना हौदात पाणी घेऊन त्यात थोडाथोडा सोडायचा. तो उकळतो, म्हणून जवळ उभं राहताना डोळे जपायचे. विझला की बारीक जाळीतून गाळून दुसऱ्या हौदात घ्यायचा आणि वर दोन-तीन इंच पाणी ठेवून मुरवायचा. किमान तीन आठवडे, जमलं तर तीन महिने. न मुरलेल्या चुन्यात कच्चे कण राहतात, ते गिलाव्यात बसल्यावर फुलतात आणि भिंतीवर फोड येऊन खपल्या उडतात. मुरलेल्या एक भाग चुन्याला साधारण अडीच ते तीन भाग स्वच्छ वाळू. ओलीची जागा असेल तर वाळूचा काही भाग कमी करून सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घालायची, पण ती कमी भाजलेल्या विटांची. आजच्या कडक भाजलेल्या विटांची भुकटी चुन्याशी नीट धरत नाही, ती नुसती लाल वाळू होते. मग चुन्याच्या घाण्यात, दगडी चाकाखाली मळायचं. बेलफळाचा गर, गुळाचं पाणी, हिरड्याचा काढा घालण्याची रीत आहे आणि ती उपयोगाची आहे, पण बेताने. गूळ जास्त झाला की चुना आवळायला उशीर होतो आणि बुरशी, मुंग्या येतात. गिलावा एका वेळी 10 ते 12 मिलिमीटरपेक्षा जाड घ्यायचा नाही. पहिला थर आवळल्यावरच दुसरा. त्यावर ओलं गोणपाट किमान दोन आठवडे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू परत दगड होतो आणि त्यासाठी त्याला ओलावा लागतो. मेच्या उन्हात केलेला गिलावा वाळतो, धरत नाही. पावसाळा सरल्यावर ते फेब्रुवारीपर्यंत हा खरा हंगाम.

विटा-चुन्याच्या शिखरावर सिमेंटचा गिलावा मारला तर काय होतं? सिमेंट ताठ असतं, खालची वीट मऊ. ऊन-थंडीत दोन्ही वेगवेगळी हलतात, केसाएवढ्या भेगा पडतात. भेगेतून पाणी आत जातं, पण सिमेंटमधून वाफ होऊन बाहेर येऊ शकत नाही. आतला ओलावा क्षार विरघळवतो, ते विटेच्या पृष्ठाशी येऊन स्फटिक होतात आणि वीट पिठासारखी भुगा होते. बाहेरून गिलावा ठणठणीत दिसतो, टकटक केलं तर पोकळ वाजतो. मग एके दिवशी फरशीएवढा तुकडा मूर्तींसह खाली येतो. दगड आणि वीट जिथे मिळतात तिथे हे सगळ्यात आधी होतं. भेगेत पिंपळ रुजला तर गडी वर चढवून तो उपटायचा नाही. त्याचं मूळ दगडांच्या मधे गेलेलं असतं, उपटताना दगड सुटतात. बुंधा कापून मुळांमध्ये झाड मारणारं औषध भरायचं, झाड मेल्याची खात्री झाली की पोकळी चुन्याच्या पातळ गाऱ्याने भरायची.

फरशीचंही असंच. प्रत्येक जीर्णोद्धाराला जुन्या फरसबंदीवर नवी फरशी बसते, पातळी दोन-तीन इंचांनी वर येते. चार वेळा झालं की जोत्याचा एक अख्खा थर गाडला जातो आणि पूर्वी देवळापासून दूर वाहणारं पाणी देवळाकडे येतं. मग गाभाऱ्यात ओल येते. ओल लपवायला भिंतीला फरशी लावतात, फरशीमागे ती वाढते आणि वरच्या तुळयांचे तडे कुणाला दिसतही नाहीत. औंढ्यासारख्या जमिनीखालच्या गाभाऱ्यात, माणसांच्या श्वासाची वाफ आधीच कोंडलेली असताना, हे फार धोक्याचं आहे. स्टीलच्या कठड्याचे पाय दगडात भोकं पाडून रोवतात, आतले लोखंडी खिळे गंजतात, गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि पायरीचा कोपरा फुटतो. कठडा हवाच असेल तर स्वतःच्या वजनावर उभा राहील असा, खाली बसका असलेला घ्यावा.

रंगाबद्दल एक इशारा अजिंठ्याने 100 वर्षांपूर्वीच दिला आहे. निजामाने 1920 ते 1922 या काळात इटलीहून चेक्कोनी या तज्ज्ञाला आणून चित्रांची दुरुस्ती करवली. काम मनापासून केलं होतं. चित्रं पक्की राहावीत म्हणून वर लाखेचं वॉर्निश दिलं. ते पुढे पिवळं पडलं, त्यावर धूळ बसली आणि पुरातत्त्व खात्याला अनेक वर्षं ते काढत बसावं लागलं. त्या काळातल्या उत्तम तज्ज्ञाकडून असं झालं, तर ऑइल पेंटचा डबा घेऊन शिखरावर चढणाऱ्याला आपण कशाच्या भरवशावर सोडतो? पाच-सहा थरांनंतर मूर्तीची बोटं एकत्र होतात, डोळे बुजतात. मग कुणीतरी सँडब्लास्टिंग (वाळूचा जोरदार मारा) सुचवतो आणि रंगाबरोबर छिन्नीची खूणही जाते. रंग काढायचा तर रसायनाचा लेप, बांबूची पाती, मऊ ब्रश आणि भरपूर वेळ. कुठलीही दुरुस्ती करताना ती पुढच्या पिढीला काढता येईल का, हा प्रश्न लेखी विचारला गेला पाहिजे. झीज रोखायला मूर्तींवर देतात त्या वज्रलेपालाही तोच प्रश्न लागू आहे.

यावर सांगितलं जातं की भाविक लाखांनी येतात, म्हातारी माणसं येतात, चेंगराचेंगरी झाली तर जबाबदार कोण. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला हलक्यात घेणं चूक आहे. पण गर्दी सांभाळायची जागा गाभाऱ्याजवळ नाही. गर्दी जिथे थांबते तिथे सावली, पाणी, स्वच्छतागृह आणि बसायला जागा दिली, वेळ ठरवून दिलेले पास दिले, येण्या-जाण्याच्या वाटा अर्धा किलोमीटर आधी वेगळ्या केल्या, तर जुन्या चौकाला हात न लावताही दर्शन सुरक्षित होतं. ओवऱ्यांचं मूळ काम तेच होतं. त्या आज देणगीच्या खिडक्या, दुकानं आणि गोदामांनी अडवल्या आहेत, त्या आधी रिकाम्या करा. पूजेच्या रीतीला धक्का लागेल ही भीतीही निराधार आहे. उज्जैनच्या महाकाल मंदिरातल्या शिवलिंगाच्या झिजेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर गेलं आणि जलाभिषेकाला शुद्ध केलेल्या पाण्याची मर्यादा घालण्यात आली. पूजा चालूच राहिली.

सिमेंट वापरलं जातं ते अडाणीपणाने, असं समजणं सोपं आहे. खरी अडचण कागदावर आहे. सरकारी कामांच्या दरसूचीत सिमेंटच्या कामाचे दर तयार असतात. चुन्याच्या कामाला बहुधा वेगळं दरविश्लेषण करून मंजुरी घ्यावी लागते. निविदा सर्वांत कमी दराला जाते. निधी वर्षाच्या उत्तरार्धात हातात येतो आणि 31 मार्चच्या आत खर्ची पडावा लागतो. फेब्रुवारीत कार्यारंभ आदेश मिळालेल्या ठेकेदाराने तीन महिने मुरलेला चुना कुठून आणायचा? तो सिमेंटच आणणार. अभियंत्याला चुना कळत असला तरी त्याच्या हातात काही राहत नाही.

म्हणून मागणी अगदी नेमकी आहे. देवस्थानाच्या आराखड्याला मंजुरी देण्याआधी एक पूर्ण पावसाळा पाहणी व्हावी: जून ते सप्टेंबर पाणी कुठून येतं, कुठे साचतं, कुठल्या भिंतीला ओल चढते, याचा नकाशा तयार व्हावा. काम दोन आर्थिक वर्षांत विभागावं. पहिल्या वर्षी फक्त निचरा, वाढलेल्या फरशा काढून मूळ पातळी, बारवेचा गाळ, वाटेवरची झाडं आणि चुन्याचे हौद. दुसऱ्या वर्षी, दिवाळीनंतर, शिखर आणि ओवऱ्यांचा गिलावा. निविदेत पूर्वी चुन्याचं काम केलेला गवंडी प्रत्यक्ष जागेवर असण्याची अट आणि पहिला एक चौरस मीटर नमुना म्हणून करून, तो एक महिना पाहूनच पुढच्या कामाला परवानगी. कमान, दिवे, नावांच्या पाट्या या सगळ्यांचा निधी यानंतर, उरला तर. राज्याच्या किंवा केंद्राच्या यादीत असलेल्या वास्तूंना पुरातत्त्व खात्याची परवानगी लागतेच आणि केंद्राच्या स्मारकांभोवती 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे. पण मराठवाड्यातली बहुसंख्य देवळं आणि जवळजवळ सगळ्या बारवा कुठल्याच यादीत नाहीत. त्यांच्यासाठी ही अट जिल्हा नियोजन समितीच घालू शकते, आणि त्याला नवा कायदा लागत नाही.